नकाशावरची हळद

पळसबोडीच्या जनपद सभेच्या शाळेत
जगाचा एकच नकाशा होता,
मेणकापडावर चिकटवलेला,
खालच्या दांडीला वाळवी.
जवळजवळ पाव जग लाल.
त्यात आपला देशही लालच,
झेंडावंदन सुरू होऊन नऊ वर्षं उलटली तरी.

नवा नकाशा मागवला,
तर चांद्याहून कागद आला : तरतूद नाही.
मग उमाठे गुरुजींनी शिपायाला हाक मारली.

झिबल कोवे. एक डोळा अधू.
तीस साली राखीव जंगलात शिरून
त्यानं विळ्यानं गवत कापलं होतं,
एकच पेंढी,
आणि चार महिने तुरुंगात जातं ओढलं होतं.
गुरुजी म्हणाले, हा लाल रंग काढायचा.
झिबलनं नख लावून पाहिलं.
"खरडला तं देसच निंगते जी.
वरून लावू काही."

दुसऱ्या दिवशी त्यानं घरून वाटीत हळद आणली,
डिंकाच्या पाण्यात कालवलेली.
काश्मीरपासून खाली बोट फिरवत आला.
मुली खिदळल्या : देश हळदीला बसला!

त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी घाना सुटला.
सरपंचाच्या ओसरीवर बॅटरीचा रेडिओ होता,
बातम्या ऐकून येण्याची आमची पाळी लागायची.
"घाना म्हंजे कोठी आलं जी?"
गुरुजी छडीनं दाखवत,
झिबल बोट बुडवी.
मग मलाया. मग दोन-तीन वर्षं काहीच नाही,
वाटीत हळदीची खपली धरली.
नायजेरियाच्या वेळी पाळी माझी होती.
धुऱ्याधुऱ्यानं नाव घोकत पळाले,
नाल्यात घसरले, आणि वर्गात शिरताना
तोंडात उरलं होतं फक्त "नाय".
"काय नाय?" गुरुजी म्हणाले.

अमेरिका छापतानाच पिवळी होती.
झिबलनं विचारलं, हिले कोनं लावली?
गुरुजींनी सांगितलं : तीही त्यांचीच होती,
तिथल्या लोकांनी एका रात्री
जहाजावरचा चहा समुद्रात ओतला, तिथून पेटलं.
झिबल किती तरी वेळ हसला.
"त्यायनं चहा सांडला, आमी गवत कापलं.
राज्याले लहानशाच गोष्टीचा राग येते."
मग थांबून म्हणाला,
"अना तिथं जंगलात आधी कोनी होतं का?"

गुरुजींनी खडू उचलला.
फळ्यावर काहीच लिहिलं नाही.
"होते," म्हणाले.
"त्यायले कोनता रंग?"
घंटा झाली नव्हती,
तरी त्या दिवशी आम्हाला लवकर सोडलं.

केनिया आला तेव्हा झिबलचे केस पिकले होते.
रंगवून झाल्यावर त्यानं आपल्या देशावर
बोट टेकवलं, अंदाजानं,
जिथं शाळेमागचं जंगल असेल तिथं.
जंगलात मुनारे तेच, त्यांच्यावरचे आकडेही तेच,
गार्डाचा पोरगा आता गार्ड,
आणि मोहफुलं वेचायला गेलेल्या झिबलच्या सुनेची
टोपली अजून नाक्यावर जप्त.
"इथं लावाचं राहिलं का जी?"
"अरे, तिथं तर पहिल्याच दिवशी लावली आपण."
"हो. वरून."

आठवड्यानं गावभर बोभाटा झाला.
मुनारा क्रमांक बासष्ट,
नुकताच ओला चुना दिलेला,
त्यावर पंजा उमटला होता, लालभडक.
हळदीला चुना लागला की काय होतं
हे आमच्या आयांना ठाऊक होतं. कुणी बोललं नाही.
गार्डाला वाटलं, कुणीतरी देव मांडला.
आधी त्यानं शिवी हासडली,
मग इकडंतिकडं पाहून
चपला काढल्या.

झिबल त्या दिवशी रजेवर होता.
त्याचा अर्ज मीच लिहून दिला होता,
तो सांगेल तसा, शाईच्या दौतीतून :
कारण, जंगलात काम आहे.